ब्रेकची धूळ कोणाच्या छातीत?

(पक्षाच्या बीड जिल्हा कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या विषयपत्रिकेवर ‘मालमोटारींच्या ब्रेकची धूळ’ हे शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ऊसतोडीचा दर, पीकविमा, पिण्याचे पाणी, स्थलांतरितांच्या मुलांची शाळा असे प्रश्न पुढ्यात उभे असताना ही धूळ कुठून काढली, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. आपल्या जिल्ह्यात हमरस्त्याच्या फाट्याफाट्यावर, पत्र्याच्या आडोशाखाली, मालमोटारी दुरुस्त करणारा एक कामगारवर्ग आहे. संघटनांच्या सभासद-यादीत तो जवळजवळ नाहीच. सरकारी नोंदवहीत त्याचे नाव बहुधा सापडत नाही. जिल्ह्याची चाके त्याच्या श्रमावर फिरतात, आणि त्या चाकांच्या ब्रेकमध्ये साठलेली धूळ सर्वप्रथम त्याच्याच छातीत जाते. ही धूळ गाडीवरच पकडून ठेवणारी साधने आता युरोपात तयार होऊ लागली आहेत. ती कोणासाठी, त्यांचा खर्च कोणावर, आणि पकडलेली धूळ अखेर कोणाच्या हाती पडणार, हे श्रमिकांचे प्रश्न आहेत. म्हणून ते या व्यासपीठावर आले पाहिजेत.

चाकांवर चालणारा जिल्हा

परळी वैजनाथला निजामाच्या राजवटीपासून रेल्वे आहे. पण खुद्द बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत या जिल्ह्याच्या मोठ्या भागाने आपला सारा व्यवहार रस्त्यावरूनच केला. सरकी, सोयाबीन, कांदा, खत, सिमेंट सगळे मालमोटारीने यायचे आणि जायचे. आजही चित्र फारसे पालटलेले नाही. गळीत हंगाम सुरू झाला की माजलगाव, गेवराई, केज, अंबाजोगाई या पट्ट्यांतले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. त्याच सुमारास मजुरांच्या टोळ्या घेऊन मालमोटारी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणारे टिप्पर तर बारमाही चालू असतात. धुळे–सोलापूर महामार्गाची वाहतूक गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा अशी जिल्ह्याच्या मधून जाते.

हा प्रदेश सपाटही नाही. बालाघाटाची रांग जिल्हा आडवा कापून जाते. मांजरसुंब्याचा घाट आणि धारूरचा अरुंद, वळणावळणाचा घाट ज्यांनी भरल्या गाडीने उतरला आहे त्यांना ब्रेकचे मोल सांगावे लागत नाही. उतारावर गाडी आवरताना काय घडते याचा साधा हिशेब करून पाहा. एकूण २५ टन वजनाची उसाची गाडी १०० मीटर उंची उतरली, तर तिच्यातील सुमारे साडेचोवीस मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांवरचे ऐंशी लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. यातला काही वाटा इंजिन आणि हवेचा विरोध उचलतो. उरलेला सगळा भार चाकांमधल्या ब्रेकवर पडतो. घाटाच्या पायथ्याशी जळका वास येतो तो याचमुळे. त्या उष्णतेत आणि घर्षणात ब्रेकचे अस्तर झिजते, त्याच्यासमोरचे बिडाचे लोखंडही झिजते. मिस्त्री म्हणतो, “लायनर संपले.” संपले म्हणजे गेले कुठे? पदार्थ नाहीसा होत नाही. लायनरचा जो भाग संपला, त्याची पूड झाली. ती पूड कुठे गेली हा आजचा विषय.

झाकलेले आणि उघडे

ब्रेकचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला ड्रमचा. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यात दोन अर्धगोलाकार शू असतात. त्यांच्यावर रिव्हेटने ठोकलेले लायनर डब्याच्या आतल्या अंगावर दाबले जाते आणि चाक थांबते. दुसरा प्रकार डिस्कचा. चाकाबरोबर एक बिडाची तबकडी फिरते, आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी तिच्यावर पॅड दाबतो. आपल्याकडील बहुसंख्य मालमोटारी व एसटीच्या साध्या बसगाड्या आजवर ड्रमवरच चालत आल्या. लांब पल्ल्याच्या वातानुकूलित बसगाड्या, विजेवरच्या बसगाड्या आणि काही नव्या जड गाड्या यांच्यामुळे डिस्कचा शिरकाव व्यापारी वाहतुकीत झाला आहे. डिस्क लवकर थंड होते, उतारावर तिची पकड कमी ढिली पडते. प्रवाशांच्या आणि चालकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

धुळीच्या बाबतीत मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ड्रम हे झाकण लावलेले भांडे होय. झिजलेली पूड बरीचशी त्यातच साचते आणि ड्रम खोलला जातो त्या दिवशी, खोलणाऱ्याच्या तोंडासमोर, एकदम बाहेर पडते. डिस्क उघडी असते. तिची पूड घडीघडीला, ब्रेक दाबताक्षणी, वाऱ्यावर उडते. संशोधकांच्या अंदाजाने डिस्क ब्रेकच्या एकंदर झिजेचा साधारण एक-तृतीयांश ते अर्धा भाग हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेला चाकावर चिकटतो किंवा रस्त्यावर पडून पुढच्या गाडीच्या वाऱ्याने पुन्हा उठतो. या कणांत लोखंड सर्वाधिक असते. त्याखेरीज पॅडच्या घडणीप्रमाणे तांबे, अँटिमनी, बेरियम, जस्त आणि राळेचे जळके अवशेष येतात. तापमान एका मर्यादेपुढे गेले की अतिसूक्ष्म कणांची संख्या एकाएकी कित्येक पटींनी वाढते. हे कण नाकातल्या केसांनी अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात.

थोडक्यात, ड्रमची धूळ गॅरेजमधल्या कामगाराची आणि डिस्कची धूळ रस्त्याकाठी राहणाऱ्याची. घाटाच्या वळणावरचा चहावाला, बसथांब्यावर टोपली घेऊन बसलेली भाजीवाली, टोल नाक्यावरचा कर्मचारी, महामार्गालगतच्या वस्तीतली मुले हे सगळे दुसऱ्या गटात येतात. बंगला रस्त्यापासून आत असतो, झोपडी रस्त्याला खेटून असते. त्यामुळे धुळीची वाटणीही समाजातल्या वर्गवाटणीनुसारच होते.

घाटकोपरचा धडा

ब्रेकच्या धुळीचा सर्वांत भयानक अध्याय अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे. तो महाराष्ट्रातच घडलेला असल्यामुळे त्याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला असली पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉस हा तंतुमय खनिज पदार्थ. तो जळत नाही, स्वस्त पडतो आणि घर्षण सहन करतो. त्यामुळे विसाव्या शतकात ब्रेकच्या लायनरमध्ये जगभर तोच वापरला गेला. मुंबईत घाटकोपर येथील हिंदुस्थान कॉम्पोझिट्स, म्हणजे पूर्वीची हिंदुस्थान फेरोडो, या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसपासून घर्षणाचा माल तयार होई. २००४ साली तिथल्या कामगार संघटनेने मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या संस्थेला कामगारांची तपासणी करण्याची विनंती केली. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तपासलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेला आढळला. दर पाचांत एकाहून अधिक! हा फुप्फुस कठीण होत जाण्याचा रोग आहे आणि त्यावर उतारा नाही.

या प्रकरणातून दोन गोष्टी मनावर कोरून घ्याव्यात. पहिली ही, की तपासणी संघटनेने मागितली म्हणून झाली. दुसरी गोष्ट अहवालाच्या लेखकांनी स्पष्टपणे मांडली आहे. आपल्या देशात असे रुग्ण वर्षानुवर्षे क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून उपचार घेत राहतात, आणि नुकसानभरपाई मिळालेल्यांची संख्या नगण्य आहे. मुंबईत, संघटित कारखान्यात ही स्थिती असेल, तर फाट्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीचा खोकला कोणत्या नावाने नोंदला जात असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

उद्योगाच्या वतीने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ब्रेकच्या उष्णतेने अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू मोडून दुसरे निरुपद्रवी खनिज होते, तेव्हा धुळीत धोका राहत नाही, असा तो युक्तिवाद. त्यात अर्धे सत्य आहे. बराचसा तंतू खरोखर बदलतो, सगळा बदलत नाही. शिवाय नवे लायनर शूवर बसवताना मिस्त्री त्याला भोके पाडतो, कडा कानशीने घासतो, पॉलिश पेपर मारतो. त्या वेळी उडणारी पूड तापलेली नसते, ती कच्च्या मालाचीच असते. रोग उघडा पडायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. आज सोळा वर्षांचा हेल्पर ज्या हवेत श्वास घेतो, तिचे बिल त्याला प्रौढपणी, कर्ता पुरुष म्हणून घर चालवीत असताना मिळेल. त्या वेळी मालक दुसरा असेल, गॅरेज उठलेले असेल आणि पुरावा कोणाकडेच नसेल.

युरोपीय संघाच्या देशांत अ‍ॅस्बेस्टॉसवर २००५ पासून संपूर्ण बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला आणि त्यात सुट्या बाजारातली ब्रेकची लायनरेही आली. भारतात खाणीतून ते काढणे थांबले, आयात मात्र थांबली नाही. आपल्याकडचे मोठे उत्पादक अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनर करतात हे मान्य केले पाहिजे. पण सुट्या बाजारात नाव ना गाव अशी पाकिटे मिळतात. त्यांत काय भरले आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन मिस्त्रीजवळ नसते. गाडीमालक हप्त्यांत बुडालेला, त्याला चार पैसे वाचवायचे असतात. त्या चार पैशांची किंमत तिसराच माणूस मोजतो.

कायदा आणि त्याचा उंबरठा

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ऐतिहासिक निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. तत्त्व याहून स्पष्ट असू शकत नाही. पण नोंद ठेवायची कोणी? फाट्यावरच्या गॅरेजात हजेरीपुस्तकच नसते, तिथे आरोग्याचे पुस्तक कुठून येणार?

१९४८ च्या कारखाना कायद्याचा उंबरठा विजेच्या वापरासह १० कामगारांचा आणि विजेविना २० कामगारांचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने तो २० आणि ४० वर नेला. म्हणजे जो उंबरठा गॅरेज कामगाराला आधीच उंच होता, तो दुप्पट उंच झाला. मोटार गॅरेज हे मुलांसाठी धोक्याचे ठिकाण आहे हे बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्याच्या परिशिष्टातच मान्य झाले होते. ज्या धंद्यातला धोका मुलांच्या बाबतीत कायद्याला दिसतो, तोच धंदा मूल मोठे झाल्यावर निर्धोक कसा होतो?

गाडीपुरते पाहिले तरी तोच प्रकार. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले ‘भारत स्टेज ६’ हे मानक नळकांड्यातून निघणाऱ्या धुरापुरते आहे. चाकाजवळून निघणाऱ्या धुळीचा त्यात उल्लेख नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच्या यादीत आपल्या शेजारची छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर ही शहरे आली, बीड आले नाही. यादीत नाव नाही म्हणून हवा शुद्ध, असे कोणी समजू नये. नियम करायचे ठरवले तर ते होतात, हेही लक्षात ठेवावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असावी असा नियम झाला, आणि तो चांगलाच नियम आहे. नियमाचा हात केबिनपर्यंत पोचतो, मग चाकापर्यंत का पोचू नये?

धूळ पकडण्याची विद्या

आता ही धूळ पकडण्याच्या साधनांकडे वळू. युरोपीय संघाने २०२४ साली ‘युरो ७’ हा नियम संमत केला आणि त्यात जगात प्रथमच ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना मर्यादा घातली. साध्या प्रवासी मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारीला ३ मिलिग्रॅम. नव्या प्रकारच्या मोटारींना हा नियम लागू करण्याची तारीख २९ नोव्हेंबर २०२६ ही ठरवण्यात आली. जड मालमोटारी आणि बसगाड्या यांच्या रकान्यात मात्र आकडा भरला गेला नाही. तो पुढल्या अभ्यासावर सोडला. सर्वांत जड वाहनाचा रकाना रिकामा राहिला, ही गोष्ट बोलकी आहे.

धूळ कमी करण्याचे मार्ग तीन. पहिला, मुळात घर्षणाच्या ब्रेकवर भार कमी टाकणे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवणे, इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर वापरणे, आणि विजेच्या बसमध्ये मोटरच जनित्रासारखी वापरून वेग वीज म्हणून परत घेणे, हे सारे त्यात येते. दुसरा, तबकडीवर कठीण धातूचा लेप देऊन तिची झीज घटवणे. तिसरा मार्ग प्रत्यक्ष पकडण्याचा. जर्मनीतील मान अँड हुमेल या कंपनीने कॅलिपरलगत बसणारी गाळणी तयार केली. पॅडमधून सुटलेली धूळ फिरत्या तबकडीच्या वाऱ्यानेच त्या गाळणीत जाते. फ्रान्समधील तालानो या कंपनीने पॅडमध्येच खाचा पाडून, छोट्या पंख्याने धूळ जिथल्या तिथे ओढून घेण्याची रचना केली.

कल्पना उत्तम आहेत. पण प्रवासी मोटारीवर जे जमते ते मालमोटारीवर तसेच्या तसे जमेल, असे नाही. डिस्कला थंड राहण्यासाठी मोकळी हवा लागते. तिच्याभोवती पेटी उभारली तर उष्णता कोंडते, आणि धारूरच्या घाटात कोंडलेल्या उष्णतेचा अर्थ ब्रेक निकामी होणे असा आहे. तेव्हा सुरक्षिततेशी तडजोड करणारी कोणतीही गाळणी आपल्याला नको. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, उसाचे पाचट आणि परळीची राख हे सगळे त्या गाळणीत जाणार. ती लवकर तुंबणार. तुंबलेली गाळणी वेळेवर बदलली नाही तर ती असून नसल्यासारखी.

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. गाळणीने धूळ पकडली म्हणजे ती नाहीशी केली असे होत नाही. तिने ती एका डबीत साठवून ठेवली. डबी रिकामी कोण करणार? तोच फाट्यावरचा मिस्त्री. उघड्या डिस्कमुळे जी धूळ त्याच्या तोंडासमोरून हटून रस्त्यावर गेली होती, ती गाळणीच्या रूपाने पुन्हा त्याच्याच पुढ्यात येणार. त्याने ती डबी आपटून झाडली आणि हवा मारून साफ केली, तर युरोपातल्या संशोधकांचे सारे कौशल्य आपल्या गॅरेजात धुळीला मिळेल. साधन कितीही शास्त्रीय असले तरी त्याच्या शेवटच्या टोकाला एक कामगार उभा असतो. त्याची व्यवस्था न लावता आणलेले तंत्र म्हणजे धोका एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे होय. म्हणूनच माझे म्हणणे असे, की धूळ पकडण्याची सुरुवात गाडीच्या चाकापाशी करण्याआधी गॅरेजच्या जमिनीवर केली पाहिजे.

हवा मारणे बंद करा

आपल्याकडील सार्वत्रिक पद्धत कोणती? ड्रम खोलायचा, आत हातभर धूळ दिसली की कंप्रेसरची नळी घ्यायची आणि हवा मारायची. एका क्षणात काळपट ढग उठतो, काम झटपट होते, मिस्त्री पुढच्या चाकाकडे वळतो. हेल्पर त्या ढगातच बसलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल डोळ्यांना दिसणारी धूळ अडवतो, न दिसणारी अडवत नाही. घातक ती न दिसणारी.

याला पर्याय खर्चाचा नाही. अमेरिकेने १९९४ च्या नियमाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या संदर्भात ब्रेकच्या कामात कोरडी हवा मारणे बंद केले. मोठ्या कार्यशाळांना बारीक गाळणीचे शोषक यंत्र किंवा कमी दाबाची ओली धुलाई सक्तीची केली. आणि ज्या लहान गॅरेजात आठवड्याला ब्रेक वा क्लचची पाचपर्यंतच कामे होतात त्यांना साध्या ओल्या पुसणीची मुभा दिली. ड्रम खोलताक्षणी बाटलीतून बारीक पाण्याचा फवारा मारायचा, धूळ पूर्ण भिजू द्यायची, ओल्या कापडाने पुसायची. कापड वाळण्याच्या आत पिशवीत घालून पिशवी बांधायची. खाली पाण्याची पसरट घमेली ठेवायची म्हणजे गळणारा गाळ जमिनीवर सांडून वाळत नाही. कोरड्या केरसुणीने झाडायचे नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, कारण ते धुणारी बाई तीच धूळ पुन्हा हुंगते. यासाठी लागणारे भांडवल म्हणजे एक फवाऱ्याची बाटली, एक घमेले आणि जुन्या धोतराचे तुकडे. परदेशी कंपनीच्या गाळणीची वाट पाहण्याची गरज नाही.

काहीजण म्हणतील, जिथे रस्त्याची माती आणि राख ढगासारखी उडते तिथे ब्रेकच्या चिमूटभर पुडीचे काय घेऊन बसलात? वजनाने ती पूड कमी आहे, हे खरे. पण वजनावर विष ठरत नाही. मातीपेक्षा हिच्यातले कण बारीक, त्यांत धातू अधिक, आणि ती सर्वांना थोडी थोडी वाटली न जाता काही मोजक्या माणसांना रोज भरपूर मिळते. राखेविरुद्ध परळीकरांचा आवाज उठलाच पाहिजे, त्याच आवाजात ही मागणीही सामावू शकते. राखेचे कण ब्रेकमध्ये शिरले की घासणी वाढते, तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

दुसरे कोणी म्हणेल, गरीब गॅरेजवाल्यावर नवे निर्बंध लादून त्याचा धंदा बुडवू नका. हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. गॅरेजमालक बहुधा स्वतःच मिस्त्री असतो आणि स्वतःच्या हातानेच ड्रम खोलतो. तो आपला वर्गशत्रू नव्हे. त्याच्यामागे निरीक्षकाचा ससेमिरा लावला तर हप्ता तेवढा वाढेल, धूळ कमी होणार नाही. खर्चाचा भार जिथून नफा निघतो तिथेच टाकला पाहिजे.

आपल्या मागण्या

त्यासाठी महाराष्ट्राकडे स्वतःची परंपरा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या हमालांना मंडळ मिळाले. मालकांकडून मजुरीच्या प्रमाणात आकारणी घेऊन भविष्यनिर्वाह, उपचार आणि सुट्ट्या यांची सोय झाली. आपल्याच जिल्ह्याला जिव्हाळ्याचे असलेले ऊसतोड कामगार महामंडळ उसाच्या टनामागे आकारणी करून चालवायचे, हे सूत्र शासनाने मान्य केले. मग विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ब्रेक लायनरवर आणि पॅडवर उत्पादकाच्या दारातच अल्प आकारणी करून गॅरेज कामगारांचे मंडळ उभे करणे अशक्य का असावे? त्या निधीतून फवारे, शोषक यंत्रे, तपासणी आणि भरपाई हे सारे करता येईल. जो माल धूळ करतो, त्याच मालाने धुळीचा खर्च सोसावा.

दुसरी मागणी, लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आणि पाकिटावर आतील द्रव्यांची मराठीत नोंद. तिसरी, साखर कारखाने, विद्युत केंद्र आणि एसटी यांच्या वाहतूक-कंत्राटांत व कार्यशाळांत कोरडी हवा मारण्यास मनाई आणि शोषक यंत्राची सक्ती. चौथी, जड वाहनांच्या ब्रेकधुळीसाठी भारतीय मानक. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. युरोपने आपला रिकामा रकाना भरेपर्यंत तिने थांबण्याचे कारण नाही. भरल्या उसाच्या गाडीची घाटातली चाचणी युरोपात कोणी करून देणार नाही. त्या मानकात पकडलेली धूळ हाताळण्याची आणि विल्हेवाटीची तरतूद पहिल्या पानावर असली पाहिजे. पाचवी, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात गॅरेज कामगार आणि चालक यांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी, आणि रुग्णाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर लिहिण्याची सक्ती. घाटकोपरचे ४१ कामगार शोधले गेले ते हाच प्रश्न विचारल्यामुळे.

आणखी एक गोष्ट. टनावर भाडे ठरते तोवर गाडी जादा भरली जाणार, जादा भरली की ब्रेक अधिक झिजणार, आणि कधीतरी ते लागणारच नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांना तर बहुधा स्वतःचे ब्रेकही नसतात. तेव्हा वाहतूकदर आणि वजनाची मर्यादा हा लढासुद्धा धुळीचाच लढा आहे. नव्या रेल्वेमार्गावर माल चढवण्याची मागणीही त्यातच बसते. रेल्वेने गेलेला प्रत्येक टन घाटाच्या रस्त्यावर ब्रेक मागत नाही.

मागण्यांचे निवेदन देऊन हे काम संपणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या शाखेने पुढील दोन महिन्यांत आपल्या हद्दीतील गॅरेजांची पाहणी करावी. गॅरेजे किती, माणसे किती, त्यांची वये काय, हवा मारतात की पाणी, लायनर कोणते वापरतात, खोकला कितीजणांना आणि कधीपासून, एवढे सहा प्रश्न पुरेत. वही आपली असावी, मालकाची भाषा आणि कामगाराची भाषा दोन्ही ऐकून घ्यावी. जाताना हातात फवाऱ्याची एक बाटली घेऊन जा आणि एक ड्रम ओल्या पद्धतीने साफ करून दाखवा. मिस्त्री हुशार असतो, त्याला भाषण लागत नाही. एकदा ढग उठला नाही हे त्याने पाहिले, की पुढच्या वेळी तो आपल्या हेल्परला स्वतःच बाटली आणायला सांगेल. पुढील बैठकीत मी या वह्यांची वाट पाहीन.